वेबपानाचे साध्या मजकुरात रूपांतर

हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी त्यावर संपादकाची लेखणी फिरत असे. लेखकाच्या ओळींभोवती, समासात आणि प्रसंगी दोन ओळींच्या मध्येही तो लहान लहान सूचना लिहून ठेवी: हे प्रकरणाचे शीर्षक आहे, ते ठळक टाइपात घ्यावे, हे अवतरण आहे, ते दोन्ही बाजूंनी आत ओढावे, हा शब्द तिरपा जुळवावा. खिळे जुळवणारा कामगार या सूचना पाळी, पण त्या छापीत मात्र नसे. पुस्तक वाचकाच्या हाती येई तेव्हा सूचनांचे कार्य संपलेले असे आणि त्यांचा मागमूसही उरलेला नसे. इंग्रजी मुद्रणव्यवसायात या सूचनांना ‘मार्कअप’ असे नाव होते. मजकूर वेगळा आणि मजकुराविषयीची सूचना वेगळी, हा भेद त्या व्यवसायात इतका स्वाभाविक होता की त्याची स्वतंत्र चर्चा करण्याची कोणाला गरज भासली नाही.

ती गरज संगणकाने निर्माण केली. संगणकात मजकूर आणि सूचना एकाच फायलीत, एकाच कळफलकावरून, एकाच प्रकारच्या अक्षरांनी लिहिल्या जातात. कोणते अक्षर छापायचे आणि कोणते नुसते पाळायचे, हे यंत्राला उपजत कळत नाही. आरंभीच्या काळात या सूचना केवळ बाह्य रूपाच्या असत: इतकी जागा सोडा, अमुक आकाराचा टाइप घ्या. १९६७ साली विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या शासकीय मुद्रणालयात भरलेल्या एका बैठकीत असे प्रतिपादन केले की, लेखाचा आशय आणि त्याचे बाह्य रूप ही दोन्ही परस्परांपासून अलग करावीत. न्यू यॉर्कचे ग्रंथरचनाकार स्टॅन्ली राइस यांचे विचारही याच दिशेने चालले होते. १९६९ साली आय.बी.एम. या कंपनीतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी त्या विचारावर आधारलेली एक चिन्हभाषा तयार केली. तिचे नाव ‘जीएमएल’. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही तीच. या भाषेत ‘हे मोठ्या टाइपात घ्या’ असे न सांगता ‘हे शीर्षक आहे’ एवढेच सांगत. शीर्षक कसे दिसावे, हे पुढे ज्याचे त्याने ठरवावे. १९८६ मध्ये याच भाषेचे विस्तारित रूप ‘एसजीएमएल’ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले.

जिनिव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये माहितीच्या जाळ्याची जी योजना मांडली, तिच्यातील पानांसाठी त्यांनी एसजीएमएलच्याच वळणाची एक छोटी भाषा घडवली. तीच ‘एचटीएमएल’ होय. १९९१ साली तिचे जे पहिले जाहीर वर्णन प्रसिद्ध झाले, त्यात अवघे अठरा घटक होते. प्रत्येक घटकाचा आरंभ आणि शेवट कोनी कंसात लिहिलेल्या एका लहान नावाने दाखवला जातो. या नावाला ‘टॅग’ म्हणतात. परिच्छेदासाठी ‘पी’ हे एकच अक्षर, मुख्य शीर्षकासाठी ‘एच’ आणि त्यापुढे एकचा अंक, यादीतील कलमासाठी ‘एलआय’, दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यासाठी ‘ए’. ब्राउझर ही नावे वाचतो आणि पाळतो. वाचकाला ती दिसत नाहीत.

पण ही साधेपणाची अवस्था फार काळ टिकली नाही. व्यापारी संस्था जाळ्यावर येऊ लागल्या तशी पानांच्या देखणेपणाची मागणी वाढली. अक्षरांचा रंग आणि आकार सांगणारे टॅग भाषेत शिरले. कोष्टकासाठी असलेला टॅग कोष्टकासाठी न वापरता पानाची मांडणी करण्यासाठी वापरला जाऊ लागला. १९९६ च्या डिसेंबरात ‘सीएसएस’ या शैलीवर्णनाच्या स्वतंत्र भाषेला मान्यता मिळाली आणि रूपाच्या सूचना एचटीएमएलच्या बाहेर काढण्याचा मार्ग मोकळा झाला. तरी पानांचे ओझे उतरले नाही. आज एखाद्या वृत्तपत्राच्या पानामागील मूळ लेखन उघडून पाहिले, तर वाचावयाचा मजकूर शोधूनच काढावा लागतो. सूचीच्या पट्ट्या, जाहिराती, वाचकाच्या हालचालींची नोंद घेणाऱ्या आज्ञावल्या आणि स्वतःला काहीच अर्थ नसलेल्या, केवळ मांडणीच्या सोयीसाठी एकात एक बसवलेल्या पेट्या यांच्या गर्दीत लेखकाचे शब्द हरवून गेलेले असतात.

या गर्दीतून शब्द बाहेर काढायचे, आणि ते काढताना लेखनाची घडण मोडू द्यायची नाही, हे प्रस्तुत रूपांतराचे प्रयोजन आहे. सर्व टॅग पुसून टाकणे हे अगदी सोपे काम आहे. त्याला रूपांतर म्हणता येत नाही. तसे केल्यास शीर्षक कोणते, अवतरण कोठे संपले, यादी कोठे सुरू झाली हे काहीच उरत नाही. हवी असते ती अशी लेखनपद्धती, की जिच्यातील खुणा यंत्राला उमगाव्यात आणि माणसाच्या डोळ्यांना खुपू नयेत.

साध्या खुणांची परंपरा

अशा खुणा कोणा एका व्यक्तीने शोधून काढल्या नाहीत. संगणकाद्वारे पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा ठळक किंवा तिरपी अक्षरे पाठवण्याची सोय नव्हती. मग लिहिणाऱ्यांनीच काही संकेत रूढ केले. ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या दोन्ही बाजूंस तारका काढावी. पुस्तकाच्या नावाच्या अलीकडे-पलीकडे अधोरेषा द्यावी. समोरच्याच्या पत्रातील ओळ उद्धृत करताना तिच्या आरंभी कोनी कंस लिहावा. यादीतील प्रत्येक कलमापूर्वी एक आडवी रेघ ओढावी. टंकलेखन यंत्रावर काम केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. शीर्षकाखाली समान-चिन्हांची ओळ ठोकून ते उठावदार करण्याची युक्ती कितीतरी कार्यालयीन टिप्पण्यांत दिसून येते.

या संकेतांना नियमात बसवण्याचा एक प्रयत्न इयान फेल्डमन यांनी १९९२ च्या सुमारास ‘सेटेक्स्ट’ या पद्धतीत केला. डीन ॲलन यांची ‘टेक्स्टाइल’ आणि ॲरन स्वार्ट्झ याची ‘एटीएक्स’ या दोन पद्धती २००२ मधील. परंतु सर्वांत अधिक प्रसार झाला तो जॉन ग्रूबर या अमेरिकन लेखकाने मार्च २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मार्कडाउन’ या पद्धतीचा. तिच्या खुणा ठरवण्यात स्वार्ट्झचा मोठा वाटा होता. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. नावातील श्लेष उघड आहे: ‘मार्कअप’मधील चढता शब्द काढून तेथे उतरता शब्द घातला आहे. ग्रूबर यांची भूमिका अशी होती की, मार्कडाउनमध्ये लिहिलेला मजकूर कोणतेही संस्करण न करता जसाच्या तसा वाचता आला पाहिजे. त्यावर खुणांचा शिक्का मारल्यासारखे वाटता कामा नये.

या पद्धतीची प्राथमिक ओळख थोडक्यात करून देता येईल. ओळीच्या आरंभी एक हॅशचिन्ह (#) असल्यास ते मुख्य शीर्षक, दोन असल्यास उपशीर्षक, याप्रमाणे सहापर्यंत. शब्दाभोवती एकेक तारका किंवा अधोरेषा असल्यास तो तिरपा, दोन-दोन असल्यास ठळक. मोकळी ओळ म्हणजे नवा परिच्छेद. दुव्यासाठी दिसणारे शब्द चौकटी कंसात आणि त्याला लागून पत्ता गोल कंसात. ज्याला यांपैकी कोणतीच खूण नाही, असे काही लिहायचे झाल्यास तेथे सरळ एचटीएमएल लिहावे, अशीही मुभा आहे. ही मुभा पुढे फार महत्त्वाची ठरते.

ग्रूबर यांनी बनवलेली आज्ञावली मार्कडाउनचे एचटीएमएल करीत असे. उलट दिशेची वाटही त्याच सुमारास तयार झाली. स्वार्ट्झने पायथन भाषेत ‘एचटीएमएल-टू-टेक्स्ट’ नावाची एक आज्ञावली लिहिली. ती वेबपान घेऊन त्याचा मार्कडाउन मजकूर देई. २०१३ च्या जानेवारीत स्वार्ट्झचे अकाली निधन झाले. त्यानंतरही ही आज्ञावली इतरांनी चालू ठेवली आहे. २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ‘पॅनडॉक’ हा अधिक व्यापक रूपांतरक निर्माण केला. तो मूळ लेखनाचे प्रथम आपल्या एका अंतर्गत प्रारूपात भाषांतर करतो आणि त्यावरून हव्या त्या पद्धतीत लिहून देतो. भारतीय वाचकाला ही रीत परिचित आहे. मल्याळम किंवा असमिया पुस्तक पुष्कळदा हिंदी अथवा इंग्रजीच्या वाटेनेच मराठीत येते. मधली भाषा एक असली की अनुवादकांची संख्या आटोक्यात राहते. मात्र त्या मधल्या भाषेत जे मावले नाही ते पुढच्या कोणत्याच भाषेत पोहोचत नाही. पॅनडॉकलाही हे दोन्ही नियम लागू पडतात.

रूपांतर कसे घडते

प्रथमदर्शनी असे वाटते की, प्रत्येक टॅग शोधून त्याच्या जागी मार्कडाउनची खूण बसवली की काम झाले. हा मार्ग दोन पावलांतच अडखळतो. एचटीएमएलमध्ये परिच्छेदाचा किंवा यादीतील कलमाचा शेवटचा टॅग न लिहिला तरी चालतो. ब्राउझर तो मनाने समजून घेतो. टॅग एकात एक गुंतलेले असतात, काही वेळा चुकीच्या क्रमाने बंद केलेले असतात. म्हणून रूपांतरक प्रथम संपूर्ण पान वाचून त्याचा वृक्ष उभारतो. पान हे खोड. त्याला लेखाची फांदी. फांदीला परिच्छेद, याद्या, कोष्टके. आणि सर्वांत टोकाला पानांच्या जागी प्रत्यक्ष शब्द. चुकलेल्या टॅगांची दुरुस्ती कशी करावी हे एचटीएमएलच्या आधुनिक मानकात बारकाईने नमूद केलेले आहे, त्यामुळे सदोष पानाचाही वृक्ष सर्वत्र सारखाच उभा राहू शकतो.

यानंतर छाटणी. आज्ञावल्या आणि शैलीवर्णने ही विनासंकोच काढून टाकता येतात. पण लेख कोणता आणि सूचीची पट्टी कोणती, हे ठरवणे तितके सरळ नाही, कारण दोन्ही सारख्याच पेट्यांत ठेवलेली असतात. २००९ मध्ये आर्क-नाइंटी या संस्थेने ‘रीडेबिलिटी’ नावाचे जे साधन तयार केले, त्यात यासाठी एक गमतीदार कसोटी आहे: ज्या पेटीत मजकूर लांब, स्वल्पविराम पुष्कळ आणि दुवे थोडे, ती पेटी लेखाची असण्याचा संभव अधिक. अखंड वाक्ये लिहिणाऱ्याला स्वल्पविरामाची गरज पडते, सूचीला ती पडत नाही. तर्क साधा आहे आणि बहुधा खरा ठरतो. परंतु कविता, पाककृती आणि शब्दकोशातील नोंदी या कसोटीवर हमखास मार खातात.

छाटलेल्या वृक्षावर रूपांतरक टोकाकडून खोडाकडे चालत येतो. आधी आतल्या घटकाचे रूपांतर, मग त्याला वेढणाऱ्या घटकाचे. अवतरणाच्या आत यादी असेल तर प्रथम यादीची कलमे तयार होतात आणि नंतर त्या प्रत्येक ओळीच्या आरंभी अवतरणाचा कोनी कंस लागतो. या चढाईत सर्वाधिक दक्षता मोकळ्या जागेबाबत घ्यावी लागते. एचटीएमएलला मोकळ्या जागेची किंमत नाही. दहा जागा सोडा किंवा ओळ मोडा, ब्राउझर एकच जागा दाखवतो. मार्कडाउनमध्ये मात्र मोकळी जागा हीच खूण आहे. ओळीच्या आरंभी चार जागा सुटल्या तर ती ओळ संगणकीय आज्ञावलीचा उतारा मानली जाते. ओळीच्या शेवटी दोन जागा सुटल्या तर तेथे ओळ मोडते. तेव्हा मूळ पानातील निरर्थक जागा आवळून घ्याव्या लागतात आणि जेथे मूळ लेखकाने जागा जपण्याचा टॅग दिला आहे तेथे त्यांना हात लावता येत नाही. ठळक शब्दाच्या टॅगमध्ये शेवटी एक जागा राहून गेली असेल, तर ती उचलून बाहेर ठेवावी लागते. कारण तारकेला चिकटून मोकळी जागा आली की ती तारका खूण न राहता नुसती तारका होते.

याच्या उलट अडचणही संभवते. मूळ मजकुरात लेखकाने खरोखरच तारका काढली असेल, गुणाकारासाठी किंवा तळटीप दाखवण्यासाठी, तर ती रूपांतरात खूण समजली जाऊ नये म्हणून तिच्यापूर्वी उलटी तिरकी रेघ (\) द्यावी लागते. परिच्छेदाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय अंकांत एखादे साल आणि त्यापुढे पूर्णविराम आला, तर ते यादीतील कलमाचा क्रमांक मानले जाण्याचा धोका आहे. तेथेही रेघ हवी. अतिसावध रूपांतरक प्रत्येक संशयास्पद चिन्हापुढे रेघ ओढत जातो आणि मजकूर काटेरी करून टाकतो. अशा वेळी मार्कडाउनचा मूळ हेतूच, म्हणजे मजकूर डोळ्यांना सुखाने वाचता येणे, विफल होतो.

दुव्यांविषयी एकच गोष्ट सांगणे पुरेसे आहे. पुष्कळ पानांत दुव्याचा पत्ता अर्धाच दिलेला असतो. उरलेला भाग पान जेथे आहे त्यावरून समजायचा असतो. पान आपल्या जागेवरून हलले की असा दुवा पांगळा होतो, म्हणून रूपांतराच्या वेळीच तो पूर्ण करून घ्यावा लागतो.

अर्थ कोठे सांडतो

आतापर्यंतच्या अडचणी नीटनेटकेपणाच्या होत्या. यापुढच्या अर्थाच्या आहेत.

गणिताच्या पानावर १० चा वर्ग लिहिताना १० च्या डोक्यावर लहान २ येतो. हा २ वर चढवण्याचे काम एक टॅग करतो. मूळ मार्कडाउनमध्ये त्याला समांतर खूण नाही. रूपांतरकाने ‘खूण नाही, म्हणून टॅग टाकून द्या आणि मजकूर ठेवा’ हा सरसकट नियम लावला, तर १० चा वर्ग वाचकापुढे १०२ म्हणून उभा राहतो. शंभराचे एकशे दोन होतात, आणि पानावर कोठेही काही बिघडल्याचे दिसत नाही. तळटिपांच्या क्रमांकांचेही असेच होते: ‘लोकसंख्या ४५’ यापुढे वर चढवलेला तळटीप क्रमांक ३ खाली उतरला की लोकसंख्या ४५३ होते.

कायद्याच्या किंवा नियमांच्या सुधारित प्रतींत वगळलेले शब्द खोडून दाखवण्याची पद्धत आहे. खोडण्याचा टॅग गळून पडला की रद्द झालेले शब्द आणि त्यांच्या जागी आलेले नवे शब्द शेजारी शेजारी, सारख्याच अधिकाराने उभे राहतात. ‘तीस दिवसांच्या साठ दिवसांच्या आत’ अशा वाक्यातून काय बोध घ्यावा? नियमांची यादी सातव्या कलमापासून सुरू होत असेल, तर तो आरंभाचा अंकही टॅगमध्येच लिहिलेला असतो. तो वाचला न गेल्यास सातवे कलम पहिले होते. कोष्टकांची गोष्ट वेगळी. मूळ मार्कडाउनमध्ये कोष्टक नव्हतेच. पुढे उभ्या रेघांनी (|) रकाने दाखवण्याचा प्रघात पडला. पण दोन ओळींना मिळून असलेले एक घर, किंवा तीन रकान्यांवर पसरलेले एक शीर्षक, यांना त्यात स्थान नाही. भारतातील बहुतेक शासकीय कोष्टके नेमकी अशीच असतात: वर ‘ग्रामीण’, त्याखाली ‘पुरुष’, ‘स्त्रिया’, ‘एकूण’. ती उलगडताना ‘ग्रामीण’ हा शब्द पहिल्या रकान्यापुरता उरला की उरलेले दोन आकडे निनावी होतात.

अशा ठिकाणी ग्रूबर यांनी ठेवलेली मुभा उपयोगी पडते. ज्याला साधी खूण नाही पण अर्थ आहे, तो टॅग जसाच्या तसा ठेवावा. मजकूर किंचित विरूप होईल, खोटा होणार नाही. चांगला रूपांतरक आणि वाईट रूपांतरक यांतील फरक बव्हंशी याच एका निर्णयावर अवलंबून असतो. काही उत्तरकालीन बोलींनी खोडलेल्या शब्दांसाठी दोन लहरी रेघा, घातांकासाठी टोपीचे चिन्ह अशा नव्या खुणा सुरू केल्या. परंतु एका बोलीतील खूण दुसरीत समजेलच असे नाही. या बोलींचा गोंधळ वाढल्यामुळे २०१४ मध्ये मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड आणि इतर काही जणांनी ‘कॉमनमार्क’ नावाचा काटेकोर नियमसंग्रह तयार केला. प्रथम त्याला ‘प्रमाण मार्कडाउन’ असे म्हटले होते. ग्रूबर यांनी त्या नावास हरकत घेतल्याने ते बदलण्यात आले.

देवनागरी मजकुराचे प्रश्न

हे सर्व नियम इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून रचले गेले. इंग्रजीत शब्द आणि त्यानंतरचे अव्यय यांच्यामध्ये मोकळी जागा असते. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतो, आणि त्यामुळे एक अशी अडचण उद्भवते की जिची कल्पना नियमकर्त्यांना सहसा नसावी.

‘ज्ञानेश्वरीत’ या शब्दातील ग्रंथनाम तेवढे तिरपे करायचे आणि ‘त’ हा प्रत्यय सरळ ठेवायचा, ही मराठी मुद्रणातील नेहमीची गोष्ट आहे. एचटीएमएलमध्ये ते सहज साधते. रूपांतरानंतर मात्र _ज्ञानेश्वरी_त असे लेखन तयार होते, आणि कॉमनमार्कच्या नियमानुसार दुसऱ्या अधोरेषेला लागूनच अक्षर आल्यामुळे ती समाप्तीची खूण मानली जात नाही. वाचकाला तिरपा शब्द न दिसता दोन अधोरेषा दिसतात. हा नियम निष्कारण केलेला नाही. संगणकीय फायलींच्या नावांत शब्दांच्या मध्ये अधोरेषा असतात, त्या चुकून खुणा समजल्या जाऊ नयेत हा त्यामागील उद्देश. पण अनेक रूपांतरकांत तिरप्या अक्षरांसाठी अधोरेषाच आधीपासून निश्चित केलेली असते. मराठी मजकुरासाठी ती बदलून तारका करावी. तारकेला ही अट नाही. त्यातही ग्रंथनाम अवतरणचिन्हांत असेल आणि तारका त्या चिन्हांच्या बाहेर असतील, तर शेवटच्या तारकेच्या एका बाजूस विरामचिन्ह आणि दुसऱ्या बाजूस ‘त’ अशी स्थिती होते व खूण पुन्हा निकामी ठरते. तेथे तारका अवतरणचिन्हांच्या आत घ्याव्या लागतात.

अंकांच्या बाबतीत देवनागरीला एक तोटा आहे आणि एक लाभ. क्रमांकित यादीसाठी कॉमनमार्क केवळ आंतरराष्ट्रीय अंक ओळखतो. मूळ पानावर यादी देवनागरी अंकांत दिसत असली तरी ते अंक बहुधा ब्राउझरने चढवलेले असतात. रूपांतरात ते आंतरराष्ट्रीय होतात. कोणी ते हाताने देवनागरीत केले, तर यंत्राच्या दृष्टीने यादी मोडून तिचे परिच्छेद होतात. लाभ हा की, परिच्छेदारंभी देवनागरी अंकांत लिहिलेले साल यादीचा क्रमांक समजले जाण्याची भीती नाही.

सर्वांत सूक्ष्म प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या चिन्हाचा आहे. मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन भिन्न शब्द. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. हा फरक ‘र’च्या रूपाने दाखवला जातो. संगणकात दुसरे रूप लिहिण्याचे दोन मार्ग आहेत: एक, नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरणे, दुसरा, साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह घालणे. या चिन्हाला स्वतःचे रूप नाही, ते फक्त शेजाऱ्याचे रूप बदलते. वेबपानांत इतरही अदृश्य चिन्हे पुष्कळ असतात, त्यांतील कित्येक खरोखरच कचरा असतात, आणि म्हणून रूपांतराच्या अखेरीस सर्व अदृश्य चिन्हे झाडून काढण्याची सोय काही आज्ञावल्यांत ठेवलेली असते. तो झाडू फिरला की दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या मजकुरातील सगळे आचारी आचार्य होतात आणि दऱ्यांमध्ये पाणी भरते.

एकेका लेखापुरते पाहिले तर हे प्रमाद क्षुल्लक वाटतील. ते वाचक मनोमन दुरुस्त करून घेईल. परंतु २०२२ नंतर परिस्थिती पालटली आहे. मनुष्याशी संभाषण करणारी जी भाषाप्रतिमाने आता सर्वत्र वापरात आली आहेत, त्यांना शिकवण्यासाठी वेबपाने फार मोठ्या प्रमाणावर साध्या मजकुरात उतरवली जातात. टॅगांचा भार काढल्याने तोच लेख कितीतरी कमी जागेत बसतो, हा त्यातील उघड फायदा. आणि ही प्रतिमाने आपली उत्तरेही पुष्कळदा मार्कडाउनमध्येच देतात. इंग्रजीत वेबपानांचा तोटा नाही. तेथे एका पानावरील चूक दुसऱ्या शंभर पानांमुळे झाकली जाते. मराठीत पानांचा साठाच लहान, त्यामुळे तेथील प्रत्येक गळतीचे वजन अधिक पडते.

रूपांतर बरोबर झाले की नाही हे पाहण्यासाठी सामान्यतः उलट फेरी मारतात. तयार झालेल्या मार्कडाउनचे पुन्हा एचटीएमएल करायचे आणि ते मूळ पानाशी ताडून पाहायचे. ही कसोटी उपयुक्त आहे. मात्र ताडायचे काय, हे आधी ठरवावे लागते. दोन्ही पानांतील टॅग वगळून नुसती अक्षरे ताडली, तर वर्गाचा २ खाली उतरल्याचे कळणार नाही, कारण मूळ पानातही टॅग वगळले की उरतात ते १, ० आणि २ हेच अंक. तेथे दोन्ही पानांचे वृक्षच शेजारी ठेवून फांदीन् फांदी पाहावी लागते. जोडचिन्हाच्या बाबतीत याच्या उलट: टॅग सगळे जागच्या जागी असतात, आणि ताडणाऱ्या आज्ञावलीने अदृश्य चिन्हे वगळूनच तुलना केली असेल, तर आचारी आणि आचार्य तिला एकच वाटतात. मराठी मजकुरासाठी म्हणून ही तुलना अक्षरांच्या संकेतांकांवरून करतात, दिसणाऱ्या अक्षरांवरून नव्हे. आणि तुलना पुरी होईपर्यंत मूळ पानाची प्रत फेकून देत नाहीत.